जे मेले नाहीत त्यांची पिलावळ

दादूस, परवा तुमचं बारावं झालं. मी आले होते. स्टॉपवर उतरून देवळापर्यंत चालत आले, तुमच्या दारातला मांडव दिसला, पंगत बसलेली दिसली, आणि तिथूनच मागे फिरले. वहिनींनी मुद्दाम निरोप धाडला होता, बायला, म्हणजे मला, सांगा, जेवल्याशिवाय जायचं नाही. कुठल्या तोंडानं जेवणार होते मी? तुमच्याशी माझं शेवटचं जे धड बोलणं झालं, त्यात मी तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं. त्यानंतर आठवडाभरात तुम्ही गेलात. खोटं कोण होतं हे आता मला कळलंय, आणि तेच सांगायला बसलेय.

ऑफिसात शोकसभा झाली, ती तुम्ही बघायला हवी होती. साहेबांनी कागदावरून तुमची जन्मतारीख वाचली, नोकरीची वर्षं वाचली, 'कर्तव्यदक्ष कीटक समाहारक' असं दोनदा म्हणाले, दोन मिनिटं आम्ही उभे राहिलो आणि मग चहा आला. ते तरी काय बोलणार, नवीन आहेत बिचारे. मलेरिया विभागात डास पकडणारा एक माणूस होता, एवढंच त्यांना माहीत. त्या कागदातलं मी इथे काही लिहिणार नाही. आणि गोडही बोलणार नाही. अकरा वर्षं आपण भांडलो, आता एकदम गूळ लावून बोलले तर तुम्हालाच संशय यायचा.

सत्त्याहत्तर साली मी वाशीच्या या ऑफिसात चिकटले तेव्हा चोवीस वर्षांची होते. जालन्याकडचं खेडं, घरातली पहिली बी.एस्सी., तीही प्राणिशास्त्र घेऊन, त्यामुळे नाक जरा वरच होतं. आमच्या घरी संध्याकाळी बुद्धवंदना झाली की बाबा बजावायचे, कुणी मोठा सांगतो म्हणून मानायचं नाही, पुरावा मागायचा. ते डोक्यात पक्कं बसवून मी त्या एका खोलीच्या प्रयोगशाळेत शिरले, तर समोर तुम्ही. खाकी शर्ट, पायात रबरी बूट, तोंडात रबरी नळी. भिंतीवरचा डास तोंडानं ओढून काचेच्या नळीत घेत होता. मला शिसारी आली. मी विचारलं, गिळला गेला तर? नळीत मध्ये जाळी असते हे तुम्ही सांगितलंच नाही. म्हणालात, चव बरी असते, खाडीतल्या कोलंबीसारखी. आणि मी महिनाभर ते खरं मानलं. मोठी पुरावा मागणारी!

मग तुम्ही मला बघायला शिकवलंत. कॉलेजात मी डासाच्या चित्राला दहापैकी नऊ मार्क मिळवले होते, पण तुमच्या गावातल्या गोठ्याच्या कोपऱ्यात बसलेला डास मला दिसायचा नाही. टॉर्च तिरका धरायचा, सरळ मारायचा नाही, हे तुमच्याकडून शिकले. साधा डास भिंतीला चिकटून बसतो, आणि मलेरियाची मादी ढुंगण वर करून. गावच्या पुढाऱ्यासारखी, असं तुम्ही म्हणायचात, आणि ते ऐकायला पुढारी मागेच उभे असायचे. तुम्हाला कशाचीच भीती नव्हती, निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

त्या वर्षांत ताप परत आला होता. परत आला म्हणजे, तो गेला असं सगळ्यांनी धरलं होतं. मी शाळेत असताना मास्तर सांगायचे, मलेरिया आता पुस्तकातच सापडेल. घरोघरी डीडीटीची पावडर फवारायची, भिंतीवर बसलेला डास मरतो, डास मेला की ताप जातो, इतकं सोपं होतं ते. बरीच वर्षं तसं झालंही. मग रक्ताच्या स्लाईड्स पुन्हा भरू लागल्या. आधी बांधकामावरचे मजूर, मग नव्या वसाहतीतले लोक, मग तुमची गावं. फवारणी चालूच होती आणि ताप वाढत होता.

ऑफिसकडे याचं उत्तर तयार होतं. बायका भिंती सारवतात. आणि ते खोटं नव्हतंच. पावडरीचे पांढरे डाग पडलेली भिंत कुठली बाई ठेवील? फवारणीवाले गल्लीच्या टोकाला वळले की शेणाचा काला तयारच असायचा. गौरी-गणपतीच्या आधी तर विचारूच नका. औषध भिंतीवर, त्यावर शेण, शेणावर डास आरामात. तेव्हाचे साहेब म्हणायचे, अडाणी लोकांपुढे विज्ञान काय करणार. तुम्ही ते ऐकून घ्यायचात. पण गोठे कुणी सारवत नाही, आणि डास गोठ्यातही पांढऱ्या डागावर बसलेले होते. हे तुम्ही पाहिलं होतं आणि आठ दिवस कुणाला बोलला नव्हता.

शेवटी मला सांगितलंत, आणि आपलं पहिलं मोठं भांडण झालं. तुमचं म्हणणं, डास शिकले. ताडी पिणाऱ्याला सवय होते तशी त्यांना पावडरीची सवय झाली, आणि सवय झालेल्यांची पोरं सवयीचीच निघाली. मी उसळले. म्हटलं, दादूस, हेच फ्रान्समधल्या एकानं कधीच सांगून झालंय, जिराफानं मान ताणली म्हणून पोरांची मान लांब झाली म्हणे, ते केव्हाच मोडीत निघालं. तुमच्या वडिलांच्या हाताला मिठागरात घट्टे पडले, म्हणून तुमच्या हाताला पडले का? तुम्ही शांतपणे हात पुढे केलेत. घट्टेच घट्टे. सगळं ऑफिस हसलं आणि मी आणखी चिडले.

मग मी तुम्हाला त्या दाढीवाल्या इंग्रजाची गोष्ट सांगितली. बोटीनं जग फिरून आला, आणि मग वीस वर्षं घरात बसून कबुतरं पाळणाऱ्यांना, गुरं पाळणाऱ्यांना प्रश्न विचारत राहिला. जे सुचलं होतं ते छापायला कचरत होता. त्याचं म्हणणं असं की कुणी काही शिकत नाही. जन्मतःच प्रत्येक जण जरासा वेगळा असतो. संकट आलं की बहुतेक मरतात, आणि ज्यांच्याकडे नशिबानं काही कामाचं आलेलं असतं ते उरतात. पुढची सगळी पिलावळ त्या उरलेल्यांची. तुम्ही बिडी विझवून ऐकलंत आणि विचारलंत, मग पहिला वेगळा आला कुठून? मी अडकले. तो म्हाताराही तिथेच अडकला होता आणि तसाच मेला. त्याच काळात एका मठाच्या बागेत एक पाद्री वाटाण्याची रोपं मोजत होता, गुण आईबापांकडून पोरांत कसे उतरतात याचं उत्तर त्याच्या वहीत होतं, पण दोघांची गाठ पडली नाही, आणि वहीकडे पुढे कित्येक वर्षं कुणी बघितलंच नाही. याची तुम्हाला फार हळहळ वाटली. एक कार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं, असं तुम्ही दिवसभर म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला खाडीच्या बांधावर नेलंत. गावाची जमीन तेव्हा सरकारात गेली होती, भरावाचे ट्रक सुरू झाले होते, पण तुमचा एक तुकडा अजून कसत होतात. तुम्ही सांगितलंत, तुमच्या लहानपणी उधाणात बांध फुटला, खारं पाणी शेतात घुसलं, आणि उभं भात चार दिवसांत करपलं. सगळं नाही. इथे चार रोपं, तिथे दोन, अशी काही उभी राहिली. घरात खायला नव्हतं तरी तुमच्या वडिलांनी ती कणसं खाल्ली नाहीत, बियाण्याला ठेवली. पुढच्या वर्षी त्याच बियाण्यातलं जास्त जगलं. तेच पुढे तुमच्या घरचं लाल तांबूस राता भात झालं. एवढं सांगून तुम्ही म्हणालात, "भात काय शिकलं नाय, बाय. ते आधीच तसं होतं. मीच खोटा."

चूक इतक्या सहज कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी खूश झाले, जिंकल्यासारखी. पण तुम्ही तिथेच उभे होता, ट्रक माती ओतत होते आणि तुम्ही त्यांच्याकडे बघत होता. मग हळू आवाजात म्हणालात, म्हणजे पावडर हे आपणच सोडलेलं खारं पाणी. आपण मारत गेलो, आणि आपल्याच हातानं बियाणं निवडलं. कॉलेजात हा सिद्धांत मला परीक्षेपुरता गोड वाटला होता. त्याची भीती पहिल्यांदा वाटली ती त्या बांधावर.

साहेबांना पुरावा हवा होता. गोठा चालणार नव्हता, घराची भिंत हवी होती, फवारलेली आणि कुणी हात न लावलेली. गौरीच्या महिन्यात असं घर गावात मिळणं शक्य नव्हतं. तुम्ही स्वतःच्या आईच्या पाया पडलात. गौर दारात येणार आणि भिंतीवर असे डाग, लोक तोंडात शेण घालतील माझ्या, असं म्हणून आई रडल्या. पण सारवलं नाही. गौर बघायला आलेल्या बाया गौर कमी आणि भिंती जास्त बघत होत्या. विसर्जन होईपर्यंत आई तुमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही मला आत बोलावून देव्हाऱ्याच्या मागच्या भिंतीवर टॉर्च तिरका धरलात.

"बग बाय. पावडरीवर बसलीय. आनि जिती हाय."

ती हललीसुद्धा नाही. रक्तानं पोट तट्ट फुगलेलं होतं. तुमच्या आईचंच रक्त असणार, दुसरं कोण झोपत होतं तिथे. अशा पंचवीसेक आपण पकडल्या, आतून पावडर लावलेला कागद बसवलेल्या नळीत तासभर ठेवल्या, मग साध्या नळीत हलवून साखरेच्या पाण्याचा बोळा दिला. दुसऱ्या दिवशी मेलेल्या मोजायच्या होत्या. मोजायला फारसं काही नव्हतंच. मग उरलेल्यांची अंडी आपण तामचिनीच्या ताटात वाढवली, ऑफिसला न सांगता. त्यांच्या पिल्लांतल्या आणखी कमी मेल्या. ती ताटं खिडकीत ठेवलेली असायची आणि मला त्या खिडकीकडे पाठ करून जेवता यायचं नाही.

आपण अहवाल लिहिला. तुमच्या निरीक्षणांचा, माझ्या इंग्रजीचा. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, नळीतले पावडरीचे कागद शिळे असतील. नव्या कागदांवर करून दाखवलं. मग दार लावून मला म्हणाले, हे वर गेलं तर वरचे विचारतील, मग इतकी वर्षं तुम्ही काय फवारत होता? त्यांनी दुसरा अहवाल टाईप करून ठेवला होता. ग्रामस्थांची भिंती सारवण्याची अनिष्ट प्रथा. खाली माझी सही हवी होती, चाचणी मी केलेली म्हणून. माझी नोकरी कच्ची होती, गावाकडे दोन बहिणी माझ्या पगारावर शिकत होत्या. कारणं खरी होती. पण सही माझी होती, दादूस, कुणी हात धरून केली नव्हती.

तुम्ही तो कागद उभ्यानंच वाचलात. मला वाटलं ओरडाल. तुम्ही घडी घालून परत दिलात आणि एवढंच म्हणालात, "तुजी सई हाय, बाय. पन डासाला वाचता येत नाय."

पुढचे दोन पावसाळे तीच पावडर फवारली गेली. गावात पाट्या लागल्या, भिंती सारवू नका. तुमच्या आई, ज्यांनी एकट्यांनी सारवलं नव्हतं, त्या दोनदा तापल्या आणि अर्ध्या झाल्या. गावातली माणसं तुम्हाला टाकून बोलायची, की यानंच साहेबाकडे चुगली केली. तुम्ही माझं नाव सांगितलं असतंत तर सुटला असतात. नाही सांगितलंत. उलट दर शनिवारी वहिनींच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्या टेबलावर. मी एकदा रडत विचारलं, दादूस, तुम्ही मला शिव्या का देत नाही? तुम्ही म्हणालात, भाकरी वातड होते, आधी खा. आज सांगते, त्या भाकरीनं मला जितकं लाजवलं तितकं शिव्यांनी लाजवलं नसतं. आणि त्या भाकरीवरच मी या शहरात तगले, हेही खरं.

मग नवी पावडर आली, तिच्या वासानं गाव ओकायचं. डास मरू लागले. ऑफिस खूश, मीही खूश. तुम्ही नाही. नव्या पावडरीत तगलेले डास वेगळे पकडून ठेवत होता, तारखा घालून. मी चिडवायची, दादूसला कायम अमावास्याच दिसते. माझी नोकरी पक्की झाली, मी सीनियर झाले, बहिणींची लग्नं झाली, आणि मी हळूहळू त्या जुन्या साहेबांसारखी होत गेले. हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगायला हवं होतं.

या वर्षी बेलापूरला जिकडे तिकडे बांधकामं निघाली. तळघरांत पाणी साचलेलं, वर ताडपत्रीखाली मजूर, कुठून कुठून आलेले. तुम्ही तिथे डास पकडायला जात होता. दिवाळीच्या आधी दोनदा येऊन मला सांगितलंत, बाय, त्या लोकांचा ताप गोळ्यांनी उतरत नाही, उतरला तर आठ दिवसांत परत येतो. मी मान वर न करता म्हणाले, गोळ्या खातात कुठे ते. दोन खातात, बरं वाटलं की बाकीच्या गाठोड्यात. त्यांच्या स्लाईड्सपुढे मी तसं लिहूनही टाकत होते. तुम्ही टॉर्च उचलून परत बेलापूरला गेलात.

आणि मग तुम्हालाच ताप आला. स्लाईडवर जंतूंच्या बारीक अंगठ्या दिसल्या, जीवघेण्या जातीच्या. मी घाबरले नाही. औषध होतं. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन, अशा दहा गोळ्या मी तुमच्या हातात ठेवल्या. तुमचं आणि गोळ्यांचं जन्माचं वाकडं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. पावसाळ्यात स्टाफला द्यायच्या गोळ्या तुम्ही जिभेखाली धरून बाहेर थुंकायचात, मी दोनदा पकडलंय. म्हणून दम दिला. ताप उतरला. आठव्या दिवशी तुम्ही पुन्हा प्रयोगशाळेत आलात, स्वेटर घालून, भर दुपारी. मी स्लाईड पाहिली. अंगठ्याच अंगठ्या, पहिल्यापेक्षा जास्त.

मी विचारलं, गोळ्या कुठे टाकल्यात? तुम्ही म्हणालात, "खाल्ल्या बाय. दाही खाल्ल्या." आणि मी, ऑफिसातल्या दोन नव्या पोरी ऐकत असताना, म्हणाले, "दादूस, जंतू खोटं बोलत नाहीत."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. बांधावर उभं राहून ट्रककडे बघत होता ना, तसं. तुम्हाला त्या क्षणी सगळं कळलं होतं, याची मला आता खात्री आहे. मीच तुम्हाला शिकवलेलं होतं ते, आणि मलाच आठवलं नाही. तुम्ही आठवण का करून दिली नाहीत? एरवी तासतास हुज्जत घालायचात. ताप होता म्हणून? की खोटा ठरवल्यावर माणसाला बोलावंसंच वाटत नाही? मी त्याच दहा गोळ्या पुन्हा दिल्या आणि रजिस्टरात लिहिलं, रुग्णाने गोळ्या नियमित घेतल्या नाहीत. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनाही वाचून दाखवलं, जरा जरबेत. जाताना तुम्ही वळून म्हणालात, "त्या मजुरांच्या स्लाईडी येकदा परत बग." मी हो म्हटलं आणि बघितल्या नाहीत. स्लाईडींचं ते तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य.

पाचव्या दिवशी तुम्हाला इस्पितळात नेलं तेव्हा तुम्ही कुणाला ओळखत नव्हता. क्विनाईन, ते जुनं दुसरं औषध, लावलं, पण ताप डोक्यात चढला होता. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. मला आत यायचं धाडस झालं नाही, तेव्हाही.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी घरी भेटायला आले. वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, गोळ्या वेळेवर पोटात गेल्या असत्या तर. अजून तेच, बघा. त्या डोळे पुसून म्हणाल्या, "माज्या हातानं दिल्यात त्यांना. तोंड उघडून बघितलंय मी, दोनी खेपेला." मी उठले ती थेट ऑफिसात आले. त्या मजुरांच्या स्लाईड्सचा डबा काढला. गोळ्या देण्याआधीची आणि नंतरची, एकेकाच्या दोन-दोन, रात्र पडेपर्यंत पाहिल्या. सगळ्यांत त्याच अंगठ्या. आणि प्रत्येकापुढे माझं अक्षर, गोळ्या नियमित घेतल्या नाहीत. इतकी माणसं, इतक्या भाषांची, सगळी एकजात खोटं कशी बोलतील, हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. पुरावा मागणारी ना मी. ती माणसं आता तिथे नाहीत. काम संपलं तशी कुणी महाप्याला गेली, कुणी द्रोणागिरीकडे, ताप अंगात घेऊन.

दादूस, जंतूंनी खोटं सांगितलंच नव्हतं. ते सांगत होते की आम्ही मरत नाही. ज्या गोळ्यांनी त्यांचे भाऊबंद मारले त्याच गोळ्यांनी त्यांना वाट मोकळी करून दिली, आणि मी दुसऱ्यांदा दहा गोळ्या देऊन उरलेसुरले साधे जंतूही झाडून काढले. तुमच्या अंगात फक्त तेच ठेवले. ते पंधरा दिवस तुम्ही घरी झोपत होता, आणि तुमच्या घरात नव्या पावडरीलाही न जुमानणारे डास आहेत हे तुमच्याशिवाय कुणाला जास्त ठाऊक? पावडरीनं न मरणारा, गोळीनं न मरणाऱ्याला घेऊन तुमच्या गल्लीत फिरतोय. हे वाक्य मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं.

होय, अहवाल लिहिला. नवे साहेब म्हणाले, मॅडम, टेन्शन घेऊ नका, एक केस आहे, 'अनियमित' लिहून फाईल बंद करा. मी नाही म्हटलं. तुमचं नाव घालून, मजुरांच्या स्लाईड्सचे नंबर घालून, माझ्या जुन्या सगळ्या शेऱ्यांवर रेघ मारून मी तो अहवाल रजिस्टर पोस्टानं वर पाठवला. खाली सही केली. अकरा वर्षांपूर्वीची सही यानं पुसली जात नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बरं झालं, आता जेव.

पण मी तुम्हाला हे सगळं आजच का सांगतेय ते ऐका. काल संध्याकाळी वहिनींना हुडहुडी भरली. आज सकाळी घरी जाऊन मी त्यांचं बोट टोचलं, स्लाईड बघितली. तुमच्याच अंगठ्या आहेत, दादूस. त्या गोळ्या मी काढल्यासुद्धा नाहीत, रिक्षात घालून इस्पितळात नेलं, क्विनाईन सुरू केलंय, वेळेत आहे असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं, वहिनी, दादूस खरं बोलत होते, चूक माझी होती, औषधच लागू पडत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. घरातले म्हणाले, चार दिवस झाले त्या एकच विचार करतायत. मला म्हणाल्या, "तू शिकलेली, बाय. तू त्या दिवशी वाचून दाखवलंस ना. मीच मोजायला चुकले असन." मी नाही म्हटलं, पुन्हा पुन्हा नाही म्हटलं, शपथ घेतली. त्या समजूत काढल्यासारखी मान हलवत होत्या, आणि चादरीखाली थरथरत एकेक बोट दुमडून मोजत होत्या, चार, चार, दोन, आणि परत पहिल्यापासून.